दृष्टी गेल्यावर पुन्हा एकट्यानं बाहेर पडताना: काठी, फोन आणि आळीतली माणसं

"आपण पोचलात," असं सांगून फोन गप्प झाला. मला औषधाच्या दुकानात जायचं होतं, घरापासून जेमतेम तीनशे मीटरवर. हात पुढे केला तर हाताला लागलं ते कुणाच्या तरी स्कूटरचं सीट. दुकान रस्त्याच्या पलीकडे होतं आणि मी अलीकडे. पुढे पाऊल टाकावं की मागे फिरावं, काही सुचेना. तेवढ्यात दुकानदारानं पलीकडून हाक मारली, "ताई, हलू नका, मी येतो."

काचबिंदूनं माझी दृष्टी गेली त्याला आता नऊ वर्षं झाली. वरचा प्रसंग पहिल्या वर्षातला. त्या दिवशी मला जे कळलं ते आज माझ्याकडे चालायला शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी सांगते. फोन तुम्हाला दुकानाच्या आसपास नेतो, शेवटची वीस पावलं काठीच्या आणि माणसांच्या भरवशावर टाकायची असतात. तयारी तिन्हींची हवी आणि तिचा एक क्रम आहे. घरची माणसं बहुतेक वेळा उलटीकडून सुरुवात करतात. प्रेमापोटी आधी महागडा फोन आणतात, काठी कुणी आणत नाही, कारण काठी हातात आली की लोकांना कळेल याची धास्ती असते. लोकांना कळणं हेच तर काठीचं अर्धं काम आहे.

मोठेपणी दृष्टी गेलेल्यांसाठी, जात चाललेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहिते आहे. जन्मापासून दृष्टिहीन असलेल्या मित्रमैत्रिणींना यातलं बरंचसं माहीत असेल. मला ते त्यांनीच शिकवलं.

आधी काठी, तीही शिकून

काठी म्हणजे आजोबांच्या हातातली टेकायची काठी नव्हे. पांढरी काठी वजन पेलण्यासाठी नसते, ती पुढचं पाऊल पडणार आहे तिथली जमीन आधी चाचपण्यासाठी असते. सरळ उभं राहून काठी समोर उभी धरली, तर ती साधारण छातीच्या मधल्या हाडापर्यंत यायला हवी. उंच माणसाला किंवा झपाझप चालणाऱ्याला थोडी जास्त लांब लागते. बाजारात सगळ्यांना एकाच मापाची काठी देतात, ती घेऊ नका. काठी आखूड पडली की खड्डा कळेपर्यंत पाय त्यात गेलेला असतो.

चालायची पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली आहे. युद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी अमेरिकेतल्या व्हॅली फोर्ज लष्करी रुग्णालयात रिचर्ड हूवर यांनी १९४४ च्या सुमारास लांब काठीचं तंत्र बसवलं. आजही जगभर तेच शिकवतात. मूठ पोटासमोर मध्यावर ठेवायची. टोक डावी-उजवीकडे कमानीसारखं फिरवायचं, खांद्यांच्या रुंदीपेक्षा थोडंसं जास्त. उजवा पाय पुढे पडताना काठीचं टोक डावीकडे असतं, डावा पुढे पडताना उजवीकडे. म्हणजे जिथे पुढचा पाय पडणार, ती जागा काठीनं आधीच तपासलेली असते. वाचताना हे सोपं वाटतं, पण अंगवळणी पडायला मला दीड महिना लागला. मनगट फिरवायचं, खांदा नाही. दुसऱ्या दिवशी खांदा दुखला तर समजा, चुकतंय.

टोकाबद्दलही सांगते. बारीक टोक आपल्याकडच्या पेव्हर ब्लॉकच्या फटींत अडकतं आणि मूठ पोटात बसते. फिरणारं जाड गोल टोक मिळालं तर ते घ्या. टोक झिजतं, एखादं जादा घरी ठेवा. घडीच्या काठीतली इलॅस्टिकची दोरी सैल झाली की काठी चालता चालता मोडून पडते, तीही महिन्यातून एकदा ओढून बघा.

हे शिकवणारी माणसं आहेत. या प्रशिक्षणाला आमच्यात नुसतं 'मोबिलिटी' म्हणतात. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडचं, म्हणजे 'नॅब'चं काम मुंबईत वरळीला आहे, आणि नाशिकला नॅबचं महाराष्ट्र युनिट आहे. पुण्यात पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन आहे. विद्यार्थी असाल तर पुण्यातलं निवांत अंध मुक्त विकासालय आणि मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं झेवियर्स रिसोर्स सेंटर ही नावं लक्षात ठेवा. फोन करून थेट विचारा, "मोबिलिटी कोण शिकवतं, आणि माझ्या रस्त्यावर येऊन शिकवाल का?" संस्थेच्या आवारात शिकलेली काठी आपल्या गल्लीत लगेच चालत नाही. निदान दोन-तीन धडे स्वतःच्या घरापासून घ्या.

थोडं दिसत असेल तर "मला कशाला काठी?" असं वाटतं. मलाही वाटायचं. पण रातांधळेपणा असलेल्यांना संध्याकाळनंतर, आणि काचबिंदूवाल्यांना खालचं-बाजूचं दिसत नाही म्हणून, थोडं दिसत असतानाच काठी लागते. तेव्हा शिकलेली काठी पुढे फार उपयोगी पडते. जिन्याच्या कडांना पिवळी पट्टी चिकटवणं, फोनवर अक्षरं मोठी करणं हेही याच काळात करून टाका.

आयआयटी दिल्लीत तयार झालेली 'स्मार्टकेन' २०१४ मध्ये बाजारात आली. काठीच्या मुठीवर बसणारं हे उपकरण वटवाघळासारखं ध्वनिलहरी सोडतं आणि गुडघ्याच्या वर, सुमारे तीन मीटरपर्यंत काही आडवं आलं तर मूठ थरथरवतं. साध्या काठीला जे कळत नाही तेच ते सांगतं: उघडी खिडकी, ट्रकचा मागचा पत्रा, खाली लोंबणारी फांदी. खड्डा मात्र ते सांगत नाही, तो काठीच सांगते. म्हणून आधी साधी काठी पक्की करा, मग हे.

याच टप्प्यावर कागदपत्रांचं काम सुरू करा. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, यांचा अर्ज सरकारच्या स्वावलंबन या संकेतस्थळावर होतो, तपासणी सरकारी रुग्णालयात होते. ४० टक्के आणि त्यापुढे दिव्यांगत्व असेल तर बहुतेक सवलती लागू होतात. पूर्ण दृष्टिहीन प्रवाशाला आणि त्याच्या एका सोबत्याला रेल्वेच्या द्वितीय श्रेणीत, शयनयानात आणि तृतीय वातानुकूलित डब्यात ७५ टक्के सवलत मिळते. एसटीतही सवलत आहे. सरकारी शिबिरांतून काठी मोफत मिळू शकते, तिथेही आपलं माप सांगायला विसरू नका.

फोन बोलता करणं

नवा फोन लागत नाही, हातातला चालतो. अँड्रॉइड असेल तर आवाज कमी-जास्त करायची दोन्ही बटणं एकत्र तीन सेकंद दाबून धरा, टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, सुरू करण्याबद्दल विचारणा होते. नाही झाली तर सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी उघडून तिथून सुरू करा. आयफोनमध्ये याच कामासाठी व्हॉइसओव्हर आहे. दोन्हींत मराठी आवाज मिळतो. अँड्रॉइडमध्ये तो बहुधा सेटिंग्जमधून उतरवून घ्यावा लागतो. हे काम वाय-फाय असताना कुणा डोळस माणसाकडून करून घ्या.

टॉकबॅक सुरू झाला की फोन वेगळा वागतो आणि घरातले गोंधळतात. एकदा स्पर्श केला की फोन तिथे काय आहे ते फक्त वाचतो. उघडायचं असेल तर दोनदा टकटक. एक बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट, डावीकडे सरकवलं की मागची. पान वर-खाली करायला दोन बोटं. एवढ्या चार हालचाली आठ दिवस घोटा. रोज अर्धा तास, शांत खोलीत, खुर्चीवर बसून. बाहेर पडताना फोन शिकायचा नसतो, तो आधीच यावा लागतो.

आवाजाचा वेग सुरुवातीला कमी ठेवा आणि दर आठवड्याला थोडा वाढवा. नव्या माणसाला माझ्या फोनमधलं काही कळत नाही इतका तो भरभर बोलतो, पण रस्त्यात उभं राहून लांबलचक वाक्य ऐकायला वेळ नसतो.

आता सर्वांत महत्त्वाचं. रस्त्यावर कान झाकू नका. दोन्ही कानांत घट्ट बसणारे इअरफोन घालून चालणं म्हणजे उरलेलं एक इंद्रियही बंद करणं. गालाच्या हाडातून आवाज पोचवणारे, कान मोकळे ठेवणारे हेडफोन मिळतात. परवडत असतील तर घ्या, त्यावर खर्च करणं योग्य आहे. नाहीतर एकाच कानात साधा इअरफोन, तोही रस्त्याच्या विरुद्ध बाजूच्या कानात. आणि फोन हातात धरून चालू नका. एका हातात काठी असते, दुसरा हात मोकळा हवा. फोन गळ्यातल्या पाकिटात किंवा शर्टाच्या खिशात, वर साखळी.

पहिला रस्ता फोनशिवाय

हे ऐकून सगळे चकित होतात, पण पहिला रस्ता फोनशिवायच पाठ करायचा. जवळचा, रोजच्या कामाचा एक रस्ता निवडा. वाण्याचं दुकान, देऊळ, गिरणी, काहीही. सोबत एक डोळस माणूस घ्या, पण तो मागे चालेल, पुढे नाही. तो बोलेल ते फक्त धोका असेल तर.

या रस्त्यावर खुणा गोळा करायच्या. पावलं मोजू नका. घाईत असलात, पायात दुसरी चप्पल असली की मोजणी बदलते. खुणा अशा हव्यात की ज्या रोज तिथेच असतील: फाटकाचा लोखंडी कठडा, डांबर संपून पेव्हर ब्लॉक सुरू होतात ती जागा, जमिनीचा उतार, ट्रान्सफॉर्मरचा गुणगुणाट, दोन इमारतींमधल्या बोळातून येणारा वारा. भेळवाल्याची गाडी ही खूण नव्हे, तो सोमवारी नसतो. सकाळचा सूर्य उजव्या गालावर लागला तर तोंड उत्तरेला आहे, हेसुद्धा कामाला येतं. नकाशा जेव्हा "पूर्वेकडे चालायला लागा" म्हणतो तेव्हा हेच उपयोगी पडतं.

प्रत्येक रस्त्याची एक ध्वनिफीत करा. फोनवर स्वतःच्या आवाजात बोला: "फाटकातून उजवीकडे, भिंत डाव्या हाताला ठेवून, चेंबरचं झाकण वाजलं की जरा पुढे..." माझ्याकडे अशा तेवीस रस्त्यांच्या फिती आहेत. बरेच दिवस न गेलेल्या ठिकाणी निघताना घरी बसून एकदा ऐकते.

आता नकाशा, आणि त्याच्या मर्यादा

जीपीएस, म्हणजे उपग्रहांच्या संदेशांवरून आपली जागा ओळखायची फोनची सोय, थोडी समजून घेतली की फोनवरचा राग कमी होतो. मोकळ्या आभाळाखाली चांगल्या फोनची अचूकता साधारण पाच मीटरच्या आत असते. पेठेतल्या गल्लीची रुंदीच कधीकधी तेवढी असते. उपग्रहांचे संदेश उंच इमारतींवर आपटून उलटे येतात तेव्हा चूक आणखी वाढते. त्यामुळे तुम्ही गल्लीच्या कोणत्या बाजूला आहात हे फोनला कळत नाही, कळू शकत नाही. तो खोटं बोलत नसतो, त्याला तेवढंच ठाऊक असतं. उड्डाणपुलाखाली आणि मेट्रोच्या खांबांखाली त्याच्यावर मुळीच विसंबू नका.

दुसरी मर्यादा दिशेची. उभं असताना तुमचं तोंड कुठे आहे हे फोन त्याच्या होकायंत्रावरून ठरवतो, आणि जवळ लोखंड असलं की ते बिघडतं. उपाय सोपा आहे: सुरक्षित जागी दहा-पंधरा पावलं सरळ चाला. चालायला लागल्यावर फोनला दिशा कळते. चुकीची असेल तर तो रस्ता पुन्हा मांडतो, तेव्हा वळा.

वापरायची पद्धत अशी. निघण्याआधी घरीच गूगल मॅप्समध्ये ठिकाण शोधा, चालण्याचा पर्याय निवडा आणि सगळ्या वळणांची यादी एकदा शेवटपर्यंत ऐका. किती वळणं, कोणते मोठे रस्ते ओलांडायचे हे डोक्यात बसलं की रस्त्यावर फोन फक्त आठवण करून देतो. घर, बस थांबा, दवाखाना ही ठिकाणं जतन करून ठेवा. आपल्याकडचे पत्ते 'मारुतीच्या देवळामागे, पिंपळासमोर' असे असतात. ते नकाशाला कळत नाहीत. म्हणून एकदा त्या दारात उभं राहून तीच जागा नावानिशी जतन करायची. पुढच्या वेळी नकाशा देवळाकडे न नेता त्या दाराच्या जवळ नेतो.

चालता चालता आजूबाजूला काय आहे ते सांगणारी वेगळी अ‍ॅप्स आहेत. चिलीमध्ये जन्मलेलं 'लाझारिल्यो' मोफत आहे. तुम्ही पुढे जाल तसं ते जवळची दुकानं, थांबे, चौक सांगत राहतं. आयफोनवर 'व्हॉइसव्हिस्टा' आणि 'साउंडस्केप कम्युनिटी' आहेत. मायक्रोसॉफ्टनं २०१८ मध्ये आणलेलं साउंडस्केप २०२३ च्या सुरुवातीला बंद केलं, पण त्याची संगणक-संहिता खुली केली आणि लोकांनी ती पुढे चालवली. यात ज्या ठिकाणी जायचं तिथून एक आवाज येतोय असं वाटतं. ठिकाण डावीकडे असेल तर डाव्या कानात. वळणं सांगत नाही, पण दिशा सुटत नाही. मला मोकळ्या मैदानात आणि मोठ्या आवारात हे फार आवडतं.

या अ‍ॅप्सची एक अडचण आहे आणि तिच्यात आपल्या माणसांना करण्यासारखं काम आहे. साउंडस्केपच्या घराण्यातली अ‍ॅप्स 'ओपनस्ट्रीटमॅप'वरून माहिती घेतात. हा नकाशा २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाला आणि तो लोकच भरतात. तुमच्या गल्लीतलं कुणी भरलं नसेल तर फोन मुका राहतो. माझ्या भाचीनं एका मे महिन्यात 'स्ट्रीटकम्प्लीट' नावाचं अ‍ॅप घेतलं. ते उभ्या असलेल्या जागेबद्दल साधे प्रश्न विचारतं: इथे फूटपाथ आहे का, या क्रॉसिंगला पायाला कळणारी उठावाची फरशी आहे का, थांब्याला छप्पर आहे का. ती रोज संध्याकाळी तासभर फिरून उत्तरं देत गेली. शोध न लागणारी काही दुकानं तिनं स्वतः नोंदवली. महिन्याभरानं मी त्याच रस्त्यानं गेले तेव्हा कानात बेकरीचं नाव ऐकलं आणि थबकले. नववीच्या मुलीनं सुट्टीत केलेलं काम, आणि त्यामुळे माझ्यासारख्या कुणालाही ती गल्ली ऐकू येते. शाळा-महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेनं हे काम हाती घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

शेवटची वीस पावलं

पोचल्यावर दार कुठे, काउंटर कुठे, हे सांगायला दोन मार्ग: कॅमेरा आणि माणूस.

'बी माय आइज' हे डेन्मार्कमध्ये सुरू झालेलं अ‍ॅप २०१५ पासून आहे. कॉल लावला की कुणी डोळस स्वयंसेवक तुमच्या कॅमेऱ्यातून बघतो आणि सांगतो. त्यात २०२३ पासून यंत्राकडून वर्णन मिळण्याची सोयही आहे. मायक्रोसॉफ्टचं 'सीइंग एआय' आणि गूगलचं 'लुकआउट' पाट्या वाचून दाखवतात. नोटा ओळखायला रिझर्व्ह बँकेचं 'मनी' अ‍ॅप आहे, ते इंटरनेटशिवाय चालतं. हे सगळं थांबून, भिंतीला पाठ लावून वापरायचं. चालता चालता नाही. यंत्राचं वर्णन चुकतं आणि चुकतानाही ते ठामपणे बोलतं. बंद दाराला उघडं म्हटलेलं मी ऐकलं आहे. रस्ता ओलांडायला यातलं काहीही वापरायचं नाही. आणि स्वयंसेवक कितीही भला असला तरी बँकेचं कार्ड किंवा ओटीपी कॅमेऱ्यासमोर धरू नका.

माणसाची मदत घेणं हेही एक कौशल्य आहे. मोघम विचारलं की मोघम मिळतं. "मदत कराल का?" पेक्षा "जोशी डॉक्टरांच्या दवाखान्याचा जिना माझ्या कुठल्या हाताला आहे?" असं विचारा. उत्तर "तिकडे" असं आलं तर न संकोचता पुन्हा विचारा, "माझ्या डाव्या हाताला की उजव्या?" कुणी दंड धरून ओढायला लागलं तर थांबा, हात अलगद सोडवा आणि म्हणा, "मीच तुमचा हात धरते, तुम्ही पुढे चाला."

डोळसांसाठी इथे थोडं थांबते, कारण इच्छा खूप जणांना असते आणि रीत ठाऊक नसते. बोलण्याआधी नाव सांगा. काठी धरू नका, तो आमचा हातच आहे. तुमच्या कोपराच्या वर आम्ही धरतो आणि अर्धं पाऊल मागे चालतो, म्हणजे तुमचं अंग वळलं की आम्हाला कळतं. पायरी आली की थांबा आणि "वर" किंवा "खाली" सांगा, नुसतं "पायरी" नको. अरुंद जागी तुमचा हात मागे घ्या, आम्ही तुमच्या मागे येतो. खुर्चीत बसवू नका, आमचा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवा. रिक्षात बसताना हात वरच्या दांडीवर ठेवा, म्हणजे डोकं आपटत नाही. आणि जाताना "मी निघतो" म्हणा. नाहीतर आम्ही हवेशी बोलत राहतो.

रस्ता ओलांडणं, बस, लोकल, रिक्षा

रस्ता ओलांडण्याबाबत माझं मत कडक आहे. सिग्नल नसलेला मोठा रस्ता एकट्यानं ओलांडू नका. त्यात कमीपणा नाही. काठी उभी धरून "कुणी पलीकडे जातंय का?" असं मोठ्यानं विचारा. बहुतेक वेळा दोन मिनिटांत कुणीतरी येतं. सिग्नल असेल तर शेजारच्या समांतर रस्त्यावरची वाहनं सुटल्याचा आवाज ऐका, पण पहिल्यांदा ऐकला की लगेच निघू नका, ती पुन्हा सुटतील तेव्हा निघा, म्हणजे ओलांडायला पूर्ण वेळ मिळतो. विजेवरच्या स्कूटर जवळजवळ नि:शब्द येतात. त्यामुळे कानाला रस्ता रिकामा वाटला तरी तो असेलच असं नाही.

मेट्रो स्थानकांत आणि काही फूटपाथांवर उठावाच्या पिवळ्या फरशा असतात. जपानच्या सेइची मियाके यांनी त्या १९६५ मध्ये तयार केल्या आणि १८ मार्च १९६७ रोजी ओकायामात अंधशाळेजवळ पहिल्यांदा बसवल्या. लांबट रेघा म्हणजे चालत राहा, गोल ठिपके म्हणजे थांबा, पुढे वळण, जिना किंवा कड आहे. मेट्रोत हे बरंचसं नीट असतं. फूटपाथवर ही पट्टी कधी झाडात, कधी खांबात जाऊन संपते. म्हणून पट्टीवरही काठी थांबवू नका.

बसथांब्यावर रांगेतल्या एकाला नाही, दोघांना सांगून ठेवा. एकाची बस आधी येते. मुंबईत बेस्टची गाडी कुठवर आली ते 'चलो' अ‍ॅपमध्ये कळतं. वाहकाला चढतानाच थांब्याचं नाव सांगा आणि मधे एकदा आठवण करा. मुंबईच्या लोकलला अनेक स्थानकांत दिव्यांगांचा डबा थांबतो त्या जागी सतत बीप वाजत असतं. त्या आवाजाच्या दिशेनं, पण फलाटाच्या कडेपासून दूर, भिंतीकडच्या बाजूनं चाला. फलाटावर घाई करायची नाही, गाडी गेली तर जाऊ दे. लांबच्या गाडीत 'व्हेअर इज माय ट्रेन' मध्ये आपल्या स्थानकाचा गजर लावता येतो. ते मोबाइल टॉवरवरून जागा ओळखतं, म्हणून इंटरनेट गेलं तरी घाटात चालतं.

अ‍ॅपवरून रिक्षा बोलावली तर लगेच चालकाला फोन करा: "दादा, मला दिसत नाही. पांढरी काठी घेऊन मेडिकलसमोर उभी आहे. आल्यावर नावानं हाक मारा." बसल्यावर गाडीचा क्रमांक त्यांनाच मोठ्यानं विचारा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर घरच्यांना लाइव्ह लोकेशन पाठवा. ते पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास ठेवता येतं, एक तास पुरतो. वाटेत आपला नकाशा हळू आवाजात सुरू ठेवा.

आळीचा गट

आता ज्या भागासाठी मी मुळात लिहायला बसले तिथे येते. "शेजारी चांगले आहेत" एवढ्यावर भागत नाही. माझ्या गल्लीत सहा माणसं आहेत: औषधाचा दुकानदार, सोसायटीचा वॉचमन, इस्त्रीवाला, कोपऱ्यावरची भाजीवाली, समोरच्या निवृत्त शिक्षिका आणि रिक्षा स्टँडवरचे एक काका. सगळ्यांना मी स्वतः जाऊन भेटले आणि प्रत्येकाला एकच, नेमकं काम सांगितलं. भाजीवालीला सांगितलं, कोपऱ्यावर खड्डा खणला की मला कळवायचं. वॉचमनला सांगितलं, फाटकासमोर कुणी गाडी लावली तर काढायला लावायची. माणसं सगळंच करायला तयार असतात, पण "काही लागलं तर सांगा" यातून प्रत्यक्षात काही होत नाही. नेमकं काम दिलं की ते वर्षानुवर्षं होतं.

या सहा जणांचा व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. नियम तीन. फोटो टाकला तर खाली एक ओळ वर्णन. शक्यतो बोलून पाठवायचं. सुप्रभातचे संदेश नाहीत. तिसरा नियम पाळायला भाजीवालीला दोन महिने लागले.

दुसरा गट हवा तो आपल्यासारख्यांचा. ज्याला पंधरा वर्षं झाली आहेत त्याच्याबरोबर एकदा बसमध्ये बसलात, तर इथे लिहिलेल्या अर्ध्या गोष्टी आपोआप कळतात. मला एका दृष्टिहीन बँक कर्मचाऱ्यानं स्वारगेटला नेलं होतं, दोघांच्या दोन काठ्या घेऊन. वाटेत दोनदा चुकलो. ते निवांत म्हणाले, "चुकलो म्हणजे नवा रस्ता कळला. विचारू कुणालातरी." चुकल्यावर घाबरायचं नसतं हे डोळस शिक्षक सांगू शकत नाही, ते असं शेजारी चालणाऱ्याकडूनच कळतं.

घरच्यांसाठी थोडं. पहिल्या वेळी एकटं सोडणं अवघड असतं. माझे यजमान तीन आठवडे दहा पावलं मागून, चप्पल न वाजवता येत असत आणि मला ते ठाऊक होतं. चौथ्या आठवड्यात मीच म्हटलं, "आता घरी थांबा, पोचले की फोन करते." मुलांनी दर पाच मिनिटांनी फोन करू नये. फोन वाजला की रस्त्यावरचं लक्ष तुटतं. लोकेशन बघा, बोलू नका.

पावसाळा, मांडव आणि तक्रार

जून लागला की निम्मे नियम बदलतात. पावसाच्या आवाजात वाहनांचा आवाज विरतो. छत्रीनं एक हात अडकतो आणि तिच्यावरचा थडथडाट कान झाकतो. रेनकोट घाला, पण टोपी कानांवरून मागे. ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही, म्हणून हेडफोनच्या बटणावरून फोन चालवायला शिका. साचलेल्या पाण्यात काठी तळाला लागली तरी पुढची जागा सुरक्षित आहे असं समजू नका, उघडं चेंबर तिथेच असतं. अशा दिवशी रिक्षा.

गणपतीच्या दिवसांत पाठ केलेला रस्ता बदलतो. मांडव, बांबू, डोक्याच्या उंचीवर ताणलेल्या तारा. मंडळाच्या कार्यकर्त्यांना मांडव घालण्याआधीच भेटा आणि फूटपाथवर माणूस जाईल एवढी जागा मागा. आमच्या मंडळानं बांबूंना कमरेखाली आडवी पट्टी बांधली, म्हणजे काठीला ती लागते. दहा मिनिटांचं काम होतं, कुणी आधी मागितलं नव्हतं एवढंच.

कायमच्या अडथळ्यासाठी लेखी तक्रार करा, तोंडी नाही. जागा, तारीख, फोटो, आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा उल्लेख. राजीव रतुरी हे स्वतः दृष्टिहीन आहेत. त्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सगळीकडे वावरता यावं यासाठीचे, किमान नियम नुसते मार्गदर्शक न राहता बंधनकारक असले पाहिजेत असा निकाल दिला. अर्जात या निकालाचं नाव लिहा. एकट्याच्या अर्जापेक्षा त्या सहा जणांच्या सह्या असलेला अर्ज लवकर पुढे सरकतो, हा माझा तीन वेळचा अनुभव आहे.

रविवारी सकाळी सात वाजता, वाहनं कमी असताना, मी नव्या माणसांना चालायला नेते. पहिल्या दिवशी फोन घरी ठेवायचा, काठी आणायची, पायात पट्ट्याची चप्पल किंवा बूट घालायचे. औषधाच्या दुकानापर्यंत जायचं आणि परत यायचं, सहाशे मीटर. दुकान तेव्हा बंद असतं. पण शटरच्या डाव्या बाजूला, कंबरेच्या उंचीवर, दुकानदारानं एक कडी बसवून घेतली आहे. ती हाताला लागली की आपण पोचलो.